बालपणाच्या नावावर बिल फाडू नका

रोबोटची खेळणी जमवणाऱ्या मराठी पोरापोरींमध्ये एक वाक्य रोज ऐकायला मिळतं. नवा खोका आला, ट्रकचा रोबोट झाला, कपाटावर उभा राहिला, फोटो निघाला, आणि फोटोखाली ओळ: 'बालपण परत मिळालं.' तिच्याखाली पंचवीस बदाम. मी या छंदात आठ-नऊ वर्षं आहे, माझ्याकडे चाळीसेक ट्रान्सफॉर्मर्स आहेत, आणि ही ओळ दिसली की मला विचारावंसं वाटतं: कुणाचं बालपण, बाबा?

हिशेब करून बघा. ट्रान्सफॉर्मर्स अमेरिकेतल्या दुकानांत आले 1984 मध्ये. कार्टून मालिका सुरू झाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. त्याआधी दोन महिने आपल्याकडे दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झालं होतं, आणि ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात शेजारीपाजारी सतरंजीवर बसून ते बघत होते. ऑप्टिमस प्राइम नावाचा लाल ट्रक त्या वर्षी नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या मुलाच्या हातात पडला असेलच, तर त्याचा काका नक्की परदेशात असणार. आणि आज हा छंद करणारे बहुतेक जण तर 1995 नंतर जन्मलेले. त्यांची ट्रान्सफॉर्मर्सशी ओळख झाली ती मायकेल बेच्या 2007 च्या सिनेमात, तीही हिंदी डबिंगमधून. तरी ते हौसेने विकत घेतात तो 1984 चा चौकोनी तोंडाचा ट्रक. म्हणजे ओहायोतल्या कुणा पोराच्या आठवणी आपण पुण्यात हप्त्याने घेतोय.

माझ्या स्वतःच्या बालपणी जत्रेत घेतलेला 60 रुपयांचा एक निळा रोबोट होता. त्याची गाडी व्हायची, पण एकदा गाडी झाली की पाय परत जागेवर यायचे नाहीत. तो रोबोट मला लख्ख आठवतो. त्याची 'कलेक्टर्स एडिशन' काढायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.

यात चिडण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. एक निरुपद्रवी वाक्य आहे, असू दे की. पण ते निरुपद्रवी नाही, असं माझं म्हणणं आहे. 'बालपण' हा आपण दिलेला खुलासा आहे. आईला, बायकोला, ऑफिसातल्या सीनियरला आपण तो देतो, कारण तिशीतल्या माणसाने प्लास्टिकच्या रोबोटवर तीन हजार का घालवले याचं खरं उत्तर आपण कधी नीट शोधलेलंच नाही. आणि न शोधल्याची किंमत दोघं भरतात, आपला खिसा आणि ते खेळणं.

आधी हे बालपण आलं कुठून ते बघू. जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन वेगळ्या मालिका होत्या. एक 1980 पासूनची 'डायाक्लोन'. त्यातले रोबोट म्हणजे नुसती यंत्रं, आणि ती चालवायला सोबत एक इंचभर माणूस मिळायचा, ज्याच्या तळपायात चुंबक असायचं. गाड्या 1:60 प्रमाणाच्या. दुसरी 1983 ची 'मायक्रो चेंज'. तिची कल्पनाच निराळी होती. घरातली वस्तू हाच रोबोट: कॅसेट प्लेयर, मायक्रोस्कोप, कॅमेरा, पिस्तूल, आणि मापं जवळजवळ खऱ्या वस्तूची. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने दोन्हीकडचे साचे घेतले, एका नावाखाली आणले, तो इंचभर माणूस काढून टाकला आणि रोबोट स्वतःच जिवंत आहेत असं ठरवलं. गोष्टीचा पहिला आराखडा मार्व्हल कॉमिक्सच्या जिम शूटरने लिहिला, बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्कीने.

साउंडवेव्ह हा कॅसेट प्लेयर एका दृश्यात दुसऱ्याच्या हातात मावतो आणि पुढच्या दृश्यात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, ते यामुळे. चाळीस वर्षं फॅन मंडळी याची शास्त्रीय कारणं शोधतायत, वस्तुमान कुठे जातं वगैरे. कारण एवढंच आहे की दोन वेगळ्या फळ्यांवरचा माल एका पिशवीत भरला होता. सुरुवातीच्या कार-रोबोटांची दारं उघडून बघा. आत सीट आहे. ज्याला काढून टाकलं त्या चालकाची. सबंध ट्रान्सफॉर्मर्समध्ये मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा ही रिकामी सीट आहे.

त्याच 1984 मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, मार्क फाउलर अध्यक्ष असताना, टीव्हीवर किती मिनिटं जाहिरात असावी याचे संकेत काढून टाकले. मग खेळणं आधी आणि कार्टून नंतर, असा उलटा धंदा जोरात सुरू झाला. अर्ध्या तासाची जाहिरात, आणि तिच्या मधे आणखी जाहिराती. पेगी शॅरेन या बाईंनी पालकांची संघटना काढून या प्रकाराशी वर्षानुवर्षं भांडण केलं. आपण ज्या मालिकेचं संगीत ऐकून डोळे पुसतो, ती या भांडणातला आरोपी होती.

आता 1986. ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला सिनेमा ऑगस्टमध्ये लागला आणि पहिल्या अर्ध्या तासातच ऑप्टिमस प्राइम मेला. आयर्नहाइड, प्राऊल, रॅचेट, सगळे गेले. थिएटरात मुलं रडली. मराठीत यावर कुणी लिहिलं की ते हमखास बलिदान, नेतृत्व, पितृछत्र या वळणाने जातं. प्रत्यक्षात 1984 चा माल फळीवरून उतरवून नवा लावायचा होता. त्या वेळच्या लेखकांनीच नंतर मुलाखतींमधून हे मोकळेपणाने सांगितलंय: आम्ही खेळण्यांची यादी बदलत होतो, मुलांचा एवढा जीव जडलाय हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ओरड झाली, आणि 1987 मध्ये प्राइमला मालिकेत परत जिवंत केलं. म्हणजे या छंदातली सगळ्यात पवित्र आठवण ही स्टॉक क्लिअरन्सची आठवण आहे. ज्यांचं ते बालपण खरंच होतं, त्यांनी त्यावर रडावं, माझी काही हरकत नाही. ते रडणं खरं होतं. आपण उसनं का रडायचं?

मग मी हे का जमवतो? मला काय आवडतं ते सांगतो, कारण नुसतं दुसऱ्याला नावं ठेवून भागणार नाही.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये काम करतो. प्लास्टिकच्या भागांचे साचे डिझाइन करतो: मिक्सरचे झाकण, स्विचची बटणं, गाडीच्या डॅशबोर्डमधल्या क्लिपा. दोन भाग एकमेकांत बसवायचे तर मध्ये किती फट ठेवायची, कुठली भिंत जाड झाली तर वरून खळगा पडतो, साचा उघडताना भाग अडकू नये म्हणून भिंतीला किती उतार द्यायचा, यात माझा दिवस जातो. आता हे डोक्यात ठेवून एक साधा डिलक्स मापाचा ट्रान्सफॉर्मर हातात घ्या. तळहातापेक्षा थोडा मोठा. त्याला दोन वेळा बरोबर बसायचंय. गाडी म्हणून बंद झाला की बॉनेट, दारं, छप्पर यांच्या रेषा जुळल्या पाहिजेत. आणि तेच तुकडे फिरून, उलटे होऊन, एकमेकांखालून सरकून माणसासारखा उभा राहिला की गुडघा लचकता कामा नये. एकही तुकडा बाहेर काढायचा नाही, बाहेरून एकही लावायचा नाही. माझ्या मिक्सरच्या झाकणाला एकदाच बसायचं असतं, तरी आमची भांडणं होतात.

1984 चा प्राइम या परीक्षेत खरं तर नापास आहे. त्याच्या मुठी काढून बाजूला ठेवाव्या लागायच्या आणि रोबोट झाल्यावर परत खोचायच्या. किती घरांत त्या मुठी सोफ्याखाली गेल्या असतील! 2011 मध्ये टाकारा टोमीने मास्टरपीस मालिकेत एमपी-10 काढला, त्यात मुठी हातातच आत जातात. ट्रकच्या तोंडाच्या काचा छातीवर येतात हे दोन्हींत सारखंच. पण जुन्यात छाती म्हणजे ट्रकचं तोंड होतं तसंच राहिलेलं आहे, आणि नव्यात त्याच तोंडाच्या आत, मागे, कडेला इतकं काही घडतं की पहिल्या वेळी कागदावरच्या सूचना बघूनही मला पाऊण तास लागला. मधे एक टप्पा येतो, जेव्हा वस्तू ट्रक नसते आणि रोबोटही नसते. पंखे फुटलेल्या खेकड्यासारखं काहीतरी हातात असतं. जोर लावला तर मोडेल, नाही लावला तर सरकणार नाही. कुठला तुकडा आधी हलला म्हणजे दुसऱ्याला वाट मिळेल, हे बोटांना कळायला लागतं, डोक्याला नंतर कळतं. मला त्या टप्प्यासाठी पैसे मोजावेसे वाटतात. त्यात माझं बालपण कुठेही नाही. उलट आठ वर्षांचा मी ते दहा मिनिटांत मोडून ठेवलं असतं.

ही कला ज्यांनी घडवली त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, आणि हा मला 'बालपण' या शब्दाचा सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो. शोजी कावामोरी. याने 'मॅक्रॉस'साठी तीन रूपं घेणारं व्हाल्कीरी विमान रचलं तेव्हा, 1982 मध्ये, तो 22 वर्षांचा होता. डायाक्लोनच्या गाड्यांवरही त्याने काम केलं. बदल जमतोय का हे तो लेगोच्या ठोकळ्यांतून रचून बघतो. कोजिन ओनो हा डायाक्लोनमधला दुसरा मोठा माणूस. ऑप्टिमस प्राइमला आवाज देणारे पीटर कलन आपल्याला माहीत असतात, त्यांच्या आवाजात आपण रिंगटोन ठेवतो. ज्याने त्या प्राइमचा खांदा कसा फिरेल हे ठरवलं तो आपल्या गावीही नसतो. गाण्यावर जीव टाकायचा आणि संगीतकाराचं नाव विचारायचं नाही, असं आपण लता मंगेशकरांच्या बाबतीत केलं असतं का?

आठवणीची चटक खेळण्याचं काय करते याचा एक जुना किस्सा आहे. 1996 मध्ये 'बीस्ट वॉर्स' आलं. गाड्या गेल्या, प्राणी आले. प्राइमच्या जागी ऑप्टिमस प्रायमल, आणि तो गोरिला. तेव्हा इंटरनेट नवीन होतं, आणि जुन्या फॅन मंडळींनी त्यावर एक घोषणा लोकप्रिय केली, मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगसह अजून चेष्टेने आठवली जाणारी: 'ट्रक, माकड नव्हे.' आणि त्या माकडांच्या मालिकेने काय दिलं? बॉल जॉइंट. खांदा, मांडी, कोपर सगळीकडे फिरणारा सांधा. 1984 चे बरेचसे रोबोट सावधान स्थितीत उभे राहायचे, ते आता वाकायला, धावायला, गुडघ्यावर बसायला लागले. आज तुम्ही ज्या लवचीक प्राइमचे फोटो काढता, त्याचे सांधे माकडाकडून आलेत. त्या वेळच्या आठवणीवाल्यांचं ऐकलं असतं तर आपण अजून मुठी शोधत सोफ्याखाली असतो. आणि गंमत अशी की आता बीस्ट वॉर्सही कुणाचं तरी बालपण झालंय, तेव्हा त्याच गोरिलाच्या नव्या आवृत्त्या निघतात आणि खाली तीच ओळ येते.

याच वाटेचं शेवटचं स्टेशन म्हणजे सीलबंद खोका. काही मंडळी खेळणं घेतात आणि उघडत नाहीत. काही जण त्याच्याही पुढे जाऊन खोका पारदर्शक पेटीत बंद करून त्याला गुण देऊन घेतात. पंचाऐंशी, नव्वद, जणू दहावीचा निकाल. बाहुली न उघडता ठेवली तर निदान दिसते तरी. पण ज्या वस्तूचा सगळा जीव बदलण्यात आहे, ती न बदलता ठेवणं म्हणजे तबला खरेदी करून गवसणीतच ठेवणं. आठवणीला मात्र हे चालतं. आठवणीला सांधा हलायची गरज नसते.

आणि प्लास्टिक काही तुमच्या गुंतवणुकीचा मान राखत नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात सोनेरी चमक मिसळलेलं एक प्लास्टिक वापरलं जायचं. ते आपोआप ठिसूळ होतं, हात लावला की बिस्किटासारखं तुटतं. खोका न उघडलेलाही असला तरी. कलेक्टर मंडळींनी त्याला 'गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम' असं आजारासारखं नाव दिलंय. म्हणजे पंचवीस वर्षं सांभाळलेल्या खोक्यात काय आहे हे कळायचा एकच मार्ग, उघडणं. आणि उघडलं की संपलं.

खिशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हालाही माहीत आहे. 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. दुकानांतला माल आटला. ओळखीतून, सुटकेसमधून, दीडपट-दुप्पट भावाने माल यायला लागला. मी गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याला आगाऊ पैसे दिले आणि 'ओरिजिनल' म्हणून नकली तुकडा पदरात पडला. साच्याची कड हातावर फिरवली तेव्हाच कळलं. आमच्या टूलरूममध्ये असा भाग कुणी पास केला नसता. तक्रार केली तर उत्तर काय आलं? 'दादा, नॉस्टॅल्जियाला किंमत नसते.' हे वाक्य विकणारा वापरतो तेव्हा समजून जावं की ते कुणाच्या कामाचं आहे. 2019 मध्ये हॅस्ब्रोने युनिक्रॉन हा ग्रह-राक्षस काढला तेव्हाही तेच: 27 इंच उंच, किंमत 575 डॉलर, आणि 8000 लोकांनी आधी पैसे भरले तरच बनवणार. मुदत वाढवावी लागली, पण आकडा भरला. मी स्वतः युनिक्रॉनवर टीका करत नाही, अभियांत्रिकी म्हणून तो अजस्र प्रकार आहे. पण आमच्यातल्या एकाने त्यासाठी कर्ज काढलं, आणि कारण विचारलं तर तेच सांगितलं. लहानपणी बघितलं होतं. त्याचा जन्म 1998 चा. युनिक्रॉन 1986 चा.

नकली मालाबद्दल माझं मत ग्रुपमध्ये कुणाला आवडत नाही. कॉलेजातल्या पोराने 400 रुपयांचा नकली तुकडा नकली आहे हे माहीत असून घेतला, दहा वेळा बदलला, मोडला, फेव्हिक्विकने जोडला, तर त्याने सीलबंद खोकेवाल्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर्स जास्त जाणला. नकलीला अस्सल म्हणून विकणारा चोर आहे, त्याची गोष्ट वेगळी.

आता कुणी म्हणेल, बालपण काढून घेतलं तर उरतं काय, प्लास्टिकच ना? ठीक आहे, प्लास्टिकचंच बोलू. 20 जानेवारी 2024 रोजी, जपानी वेळेनुसार, जपानचं 'स्लिम' हे यान चंद्रावर उतरलं. उतरताना त्यातून एक छोटा गोळा बाहेर पडला. नाव सोरा-क्यू. व्यास 8 सेंटिमीटरच्या आसपास, वजन पाव किलोच्या आत. चंद्राच्या मातीवर पडल्यावर तो गोळा मधोमध उघडला, दोन अर्ध्या भागांची दोन चाकं झाली, मधून कॅमेरा वर आला, आणि तो हातापायांवर रांगणाऱ्या बाळासारखा सरपटत फिरला. स्लिम नाक खुपसून उलटं उभं आहे हे जगाला कळलं ते त्याने काढलेल्या फोटोमुळे. हा गोळा जपानच्या अंतराळ संस्थेने सोनी आणि दोशिशा विद्यापीठाबरोबर आणखी एका कंपनीला घेऊन बनवला. टाकारा टोमी. तीच. कमी जागेत मावायचं, कमी भागांत, कमी वजनात, आणि बाहेर आल्यावर दुसरं काहीतरी व्हायचं, हे ज्यांना चाळीस वर्षं येत होतं त्यांना बोलावलं. कुणाचं बालपण परत द्यायला बोलावलं नव्हतं.

भोसरी-चाकणमध्ये असे साचे बनवू शकणारे हात आहेत, मी त्यांच्यात रोज बसतो. 70 टक्के शुल्काने ते हात आपोआप खेळण्यांकडे वळले नाहीत, कारण बदलणारं खेळणं डिझाइन करायचं तर आधी कुणीतरी ते दहा वेळा उघडून, आतले सांधे मोजून, हा खिट्टीने का बसवला आणि स्क्रूने का नाही, असं विचारलेलं असावं लागतं. आपण फोटो काढून कपाटावर ठेवतो.

राहता राहिले आपले नातेवाईक. 'लग्नाचं वय झालं आणि खेळणी काय घेतोस' हे मलाही ऐकवलं जातं. त्यांना 'बालपण' सांगितलं की ते हसून सोडून देतात, आणि म्हणूनच आपण ते सांगतो. पण सोडून देणं म्हणजे मान्य करणं नव्हे. पोस्टाची तिकिटं जमवणारे काका कधी म्हणतात का, की मला लहानपणची पत्रं आठवतात म्हणून? ते सरळ दात, छपाई, कागद यावर बोलतात आणि समोरचा कंटाळला तरी थांबत नाहीत. तो कंटाळवाणेपणा आपल्यात यायला हवा. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव नाही, कथा बघावी म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. 'ऑप्टिमस प्राइम' हे नाव झाकून, खोक्यावरचं वर्ष झाकून, आपल्या कपाटावरचे किती रोबोट निव्वळ रोबोट म्हणून बक्षीस घेतील? माझ्या चाळीसपैकी मी नऊ काढले. उरलेले विकायला काढलेत, मूळ भावात, हवे असतील तर सांगा.

पुण्यात आम्ही काही जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. पुढच्या वेळी नियम बदलतोय. फोटो नंतर. आधी प्रत्येकाने आपला तुकडा शेजारच्याच्या हातात द्यायचा, सूचनांचा कागद न देता, आणि तो बदलतो का ते गप्प बसून बघायचं. सीलबंद खोका घेऊन आलात तरी चालेल. कात्री माझ्याकडे आहे.